गुण चांगले, म्हणून सायन्सच का?

निकालाचा दिवस. दुपारी मोबाईलवर टक्के उमटले : ९१.२०. तासाभरात पेढे आले, आजीने देवापुढे साखर ठेवली आणि फोन सुरू झाले. मामा, आत्या, शेजारच्या काकू. अभिनंदन झाले की प्रत्येकाचे पुढचे वाक्य ठरलेले, "आता सायन्सच ना?" बाबा उत्तर देतात, "अर्थातच! दुसरे काय?" मुलगी पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभी असते. तिला कोणी विचारलेलेच नसते.

आणि विचारले असते तरी तिला काय सांगता आले असते? जीवशास्त्र तिला मनापासून आवडते. गणिताच्या तासाला मात्र पोटात गोळा येतो. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी सायन्सला निघाल्या आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने यातून नेमके काय निवडायचे?

थोड्याफार फरकाने हे चित्र घरोघरी दिसते. ज्या मुलाला ६० टक्के मिळतात त्याच्या घरी निदान चर्चा तरी होते. ९० टक्केवाल्याच्या घरी तीही होत नाही. गुण चांगले म्हणजे सायन्स, हे जणू पत्रिकेतच लिहिलेले!

म्हणून पेढे वाटून झाले की पालकांनी एक काम करावे. टक्के बाजूला ठेवून गुणपत्रिका नीट वाचावी. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरले जातात. त्यामुळे ९१ टक्क्यांच्या आड गणिताचे ७३ गुण सहज लपून राहू शकतात. त्यातही गणिताच्या शंभरांपैकी ४०-४० गुण दोन लेखी पेपरांचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. अंतर्गत गुण बहुतेक शाळा सढळ हाताने देतात. ७३ मधून ते १९ वजा केले की उरतात ८० पैकी ५४. खरा आकडा हा. संस्कृतमधले ९८ गुण मुलीच्या मेहनतीचे आहेत, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण ते फिजिक्सच्या पेपरात उसने मिळत नाहीत.

आता हेही खरे की ५४ म्हणजे काही नापास नव्हे. पण दहावीचे विज्ञान ही या विषयाची तोंडओळख असते. व्याख्या पाठ, आकृती सुबक, दोन गोष्टींतला फरक लिहिता आला की गुण मिळतात. अकरावीत मामला बदलतो. फिजिक्स हे गणिताचेच भावंड आहे. गतीचा धडा सुरू होतो तो व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्ह घेऊन, आणि त्या वेळी गणिताचे सर अजून त्या धड्यापर्यंत पोचलेलेही नसतात. केमिस्ट्रीत मोलची संकल्पना समजली नाही तर पुढची निम्मी उदाहरणे अडतात. "मी गणित सोडून बायोलॉजी घेईन, म्हणजे सुटका," असे म्हणणाऱ्या मुलामुलींना हे आधीच सांगायला हवे. गणित हा विषय सोडता येतो. फिजिक्समधले गणित कुठे सोडणार?

दुसरी चूक घरातल्या मोठ्यांची. "दहावीत खूप दमली बिचारी, अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष." अकरावीची परीक्षा कॉलेजच घेते आणि तिचे गुण बारावीच्या प्रमाणपत्रावर येत नाहीत, त्यामुळे ही समजूत पसरली आहे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न असतात ते अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला वजा १. राज्याच्या सीईटीतही सुमारे २० टक्के भाग अकरावीचा. विश्रांती घेतलेले वर्ष पुढे व्याजासकट वसूल होते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वाट्याला याहून वेगळी अडचण येते आणि तिच्याबद्दल घरात फारसे बोलले जात नाही. दहा वर्षे जे 'त्वरण' होते ते एका सकाळी 'अॅक्सिलरेशन' होते. संवेगाचे 'मोमेंटम', जडत्वाचे 'इनर्शिआ', विस्थापनाचे 'डिस्प्लेसमेंट'. ज्ञान तेच, पण शिकवणाऱ्याने शब्द उच्चारला की तो ओळखीचा वाटेपर्यंत फळ्यावरचे पुढचे गणित अर्धे झालेले असते. शाळेत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा इथे मागे सरकतो, शंका विचारायला लाजतो, आणि दिवाळीपर्यंत "मला सायन्स जमत नाही" या निष्कर्षाला येतो. खरे तर त्याला सायन्स जमत असते, जमलेले नसतात ते दोनेकशे शब्द! सेमी-इंग्रजीच्या मुलांना हा त्रास कमी होतो. इतरांनी निकालाची वाट न पाहता सुटीतच एक वही घालावी. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा शब्द धरले तरी महिन्याभरात तीनशे होतात. भाषेच्या भीतीने सायन्स सोडणाऱ्या मुलाला आधी ही वही द्यावी, निर्णय मग घ्यावा. गणिताची नावड आणि इंग्रजीची धास्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूल मात्र दोन्हींसाठी एकच वाक्य वापरते, "मला नाही जमणार."

सगळे दरवाजे उघडे?

सायन्सच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा म्हणजे, "सायन्स घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात. पुढे नाही जमले तर कॉमर्सला जाता येईल, पण कॉमर्सचा सायन्सला येऊ शकत नाही." नियम म्हणून हे बरेचसे बरोबर आहे. सायन्सने बारावी झालेल्याला बी.कॉम., कायदा, सीए फाउंडेशन, सारे खुले असते. उलट बाजूने येणे जवळपास अशक्य.

पण नियमात उघडा असलेला दरवाजा मुलासाठी प्रत्यक्षात उघडा असतोच असे नाही. दोन वर्षे न आवडणाऱ्या विषयांशी झटापट करून बारावीला जेमतेम ५० टक्क्यांवर येणारे मूल कॉमर्सच्या दारात उभे राहते ते गुण गमावून आणि त्याहून अधिक म्हणजे स्वतःवरचा विश्वास गमावून. हेच मूल अकरावीलाच तिकडे गेले असते तर कदाचित वर्गात पहिले आले असते. ज्याला हाताने काम करायला आवडते, बंद पडलेला पंखा उघडून बसल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याच्यासाठी दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तरीही 'डिप्लोमा' म्हटले की नातेवाइकांची तोंडे का वाकडी होतात, हे कोडेच आहे.

सायन्समध्येही चारही विषय घेतलेच पाहिजेत असे नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीबरोबर कोणी गणित सोडतो, कोणी बायोलॉजी. अनेक कॉलेजांत त्याऐवजी भूगोलासारखा विषय मिळतो. मात्र काय सोडले की काय बंद होते, हे कागदावर लिहून मुलाला दाखवावे. गणित नसेल तर सीईटीतून मिळणारे इंजिनिअरिंग नाही, आर्किटेक्चर नाही. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जाता येत नाही, त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागते. बी.फार्मसी मात्र गणित किंवा बायोलॉजी, दोहोंपैकी एकावर होते. नीटला बायोलॉजी हवीच.

इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुले बहुधा सीबीएसईला असतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न आणखी आधी येतो. २०२० पासून सीबीएसईच्या दहावीत गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर आहेत. पुढे गणित घ्यायचे नाही अशांसाठी बेसिक. "सोपा पेपर घे, टक्के वाढतील," असा सल्ला देण्यापूर्वी अकरावीला गणित मिळण्याबद्दल त्या वर्षीचा नियम काय आहे, हे शाळेत विचारून घ्यावे. चार टक्के वाढवण्याच्या नादात वाटच बंद व्हायला नको.

पंधरा दिवसांची चाचणी

मग ओळखायचे कसे? कलचाचणी आहे, समुपदेशक आहेत. पण एक साधा, बिनखर्चाचा उपाय घरातच आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत दीड-दोन महिने हाताशी असतात. निकाल लागल्यावरही प्रवेशाच्या फेऱ्या बरेच दिवस चालतात. त्यातले पंधरा दिवस घ्यावेत. बालभारती आणि एनसीईआरटी या दोघांचीही अकरावीची पुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात. फिजिक्सचा एक, गणिताचा एक आणि बायोलॉजीचा एक धडा. रोज दीड तास. इमारतीतल्या एखाद्या बारावीच्या ताईला किंवा दादाला शंका विचारण्यासाठी तयार ठेवावे. परीक्षा घ्यायची नाही, गुण द्यायचे नाहीत.

आईबाबांनी फक्त लक्ष ठेवायचे. उदाहरण आले की नाही, हे पाहायचे नाही. आले नाही तेव्हा मूल काय करते, ते पाहायचे. चहा पिऊन पुन्हा त्याच पानाशी येऊन बसते की पान उलटून पुढे जाते? जेवताना त्याबद्दल आपणहून बोलते का? बायोलॉजीचा धडा संपवून पुढचा उघडते का? पंधरा दिवसांत जे दिसते ते गुणपत्रिकेत दिसत नाही.

अट एकच. तोवर क्लासची फी भरायची नाही. सातवी-आठवीपासूनच पालकांना गाठणारे क्लास असतात. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा. तरीही घाई करणारे पालक आहेतच. एकदा लाखभर रुपये भरले की मुलाचा "नको" कोणाच्या कानावर पडत नाही. मग निर्णय पावती घेते! शिवाय ज्या क्लासशी जोडलेल्या कॉलेजात हजेरी नुसती कागदावर असते, तिथे मुलाला सूक्ष्मदर्शकाला हात तरी लावायला मिळतो का, हेही विचारावे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत.

सुरुवातीच्या त्या घरात हेच झाले. आईने बाबांना कसेबसे थांबवले आणि पंधरा दिवस मागून घेतले. सोळाव्या दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, फिजिक्स अवघड आहे, पण मी करेन. बायोलॉजी तर हवीच. गणित मात्र नको."

"म्हणजे इंजिनिअरिंग नाहीच?"

"नाही."

बाबा गप्प झाले. त्यांच्या स्वतःच्या तरुणपणी दोन गुणांनी हुकलेले इंजिनिअरिंग त्या क्षणी त्या खोलीत होते, हे आईला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. तिने ताटे उचलली. ओटा पुसून ती बाहेर आली तेव्हा बाबा चष्मा लावून मोबाईलवर कॉलेजांची यादी वर-खाली करत होते.

"अगं," ते मुलीला म्हणाले, "सायन्सला भूगोल नेमका कोणत्या कॉलेजात आहे, ते बघ जरा. मला इथे सापडत नाही."