पाठमोरी यात्रा

पॅरिसला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, "लूव्हरमध्ये काय पाहिलेत?" उत्तर ठरलेले: "मोनालिसा!" पाहिली म्हणजे काय केले हो? मी एकटाच गेलो होतो, अख्खा दिवस हाताशी होता, म्हणून सांगतो: त्या दालनात जे चालते त्याला पाहणे म्हणत नाहीत. अवघे ७७ सेंटिमीटर उंचीचे ते चित्र काचेआड, पुढे माणसांचा कोट, आणि जो तो चित्राकडे पाठ फिरवून स्वतःचीच छबी टिपतो आहे! १९११ साली हे चित्र चोरीला गेले तेव्हा लोक रिकामी भिंत पाहायला येत. ते मला अधिक प्रामाणिक वाटतात.

समोरच्याच भिंतीवर व्हेरोनेसेने १५६३ साली पुरे केलेले 'कानाचे लग्न' आहे. जवळजवळ दहा मीटर रुंद! भरली पंगत, वाजंत्री, कुत्रीसुद्धा. आणि मधोमध येशू, पाण्याचे मद्य करणारा. व्हेनिसच्या एका मठातील भोजनगृहासाठी काढलेले हे चित्र नेपोलियनच्या फौजेने १७९७ मध्ये उचलून आणले, ते परत गेलेच नाही. अर्धा तास मी तिथे उभा होतो. माझ्याजवळ थांबली ती दोनचार माणसे. कोहिनूरचे नाव काढताच ज्यांच्या मुठी वळतात, ते आमचे देशबांधव मोनालिसाच्या रांगेत घामाघूम झालेले!

व्हेनिसच्या त्या भिंतीवर २००७ पासून हुबेहूब नक्कल लावली आहे. अस्सल इथे, आणि त्याच्याकडे साऱ्या जगाची पाठ.