पॉइंट पुरे, पायवाट द्या

मे महिन्यात चांदूर बाजारात सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा ४४-४५ वर. कूलरमध्ये पाणी टाकायचं, खिडकीला ओलं पोतं लावायचं आणि उन्हं उतरायची वाट पाहायची. अशा वेळी गच्चीवर जाऊन उत्तरेकडे पाहिलं की सातपुडा दिसतो. आमच्याच तालुक्याच्या टोकाला बहिरम आहे आणि त्याच्या पाठीमागे डोंगर सुरू होतो. त्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर चिखलदरा. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हे भूगोलात शिकलो होतो. पण आम्हाला ते शिकवायची गरज नव्हती. वऱ्हाडातलं प्रत्येक पोरगं उन्हाळ्यात एकदा तरी म्हणतंच, "चाल बे, चिखलदऱ्याले जाऊ."

मागच्या वर्षी आम्ही सहा जण गेलो. मित्राच्या काकांची गाडी, पहाटे पाचला निघालो, परतवाड्यात चहा आणि आलूबोंडा, धामणगाव गढीवरून घाट. दुपारपर्यंत देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, हरिकेन पॉइंट असं सगळं उरकलं. 'उरकलं' हाच शब्द बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, चार रील, ब्लूटूथ स्पीकर चालू, पुढचा पॉइंट. संध्याकाळी रबडी खाऊन परत निघालो तेव्हा सगळ्यांचं एकमत होतं, "यार, जंगल पुरं वाळेल हाय. काहीच नाही दिसलं."

उतरताना अंधार झाला होता. गाडी जोरात होती आणि गाणं त्याहून जोरात. एका वळणानंतर दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर लाल ठिपका चमकला. मी पुढच्या सीटवर होतो. मला तो दिसला, पण मी काही बोललो नाही, कारण ते काय आहे हे मला माहीतच नव्हतं. खाली टप्प असा बारीक आवाज आला.

आम्ही थांबलो. ते पाखरू होतं. अंगावर वाळक्या पानांसारखी नक्षी, पिसं इतकी मऊ की हातात काही आहे असं वाटेना. अजून गरम होतं. एक जण म्हणाला, "जाऊ दे ना बे, पाखरूच तं होतं." कोणी वाईट नव्हतं. कोणाला काही कळत नव्हतं, एवढंच. मी ते कडेला एका झुडपाखाली ठेवलं आणि आम्ही निघालो. गाणं मात्र बंद राहिलं.

त्याचं नाव रातवा. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. रातवा रात्री किडे पकडतो, आणि दिवसभर तापलेल्या मोकळ्या रस्त्यावर येऊन बसायची त्याला सवय असते. गाडीचा उजेड पडला की त्याचे डोळे लाल चमकतात. चालकाने वेग कमी केला तर तो उडून जातो. एवढंच ज्ञान लागत होतं: लाल ठिपका दिसला की ब्रेक. बारा-पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढून, डोंगर डोळ्यांसमोर असून, सहापैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

माझा राग आधी माझ्यावरच आहे. पण तो तिथेच थांबवणं सोयीचं होईल, म्हणून पुढचं लिहितो.

डोंगर आम्हाला कसा विकला जातो

चिखलदऱ्याबद्दल कुठेही वाचा, पहिलं वाक्य ठरलेलं: १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधलं. कोरकू तिथे आधीपासून राहत होते. गवळी आधीपासून गुरं चारत होते. गाविलगडाच्या नावातच गवळी आहेत. तो किल्ला बहमनी काळापासून उभा आहे आणि १८०३ च्या डिसेंबरात, म्हणजे रॉबिन्सनच्या वीस वर्षं आधी, वेलस्लीने तो लढून घेतला होता. मग रॉबिन्सनने शोधलं काय? साहेबांना उन्हाळा काढायला गार जागा शोधली. तिथून डोंगराचे 'पॉइंट' झाले. कठड्याजवळ उभं राहायचं, खाली पाहायचं, परत यायचं. दोनशे वर्षांनी आम्ही तेच करतो, फक्त हातात फोन आहे.

आता त्या कठड्याला काच लावायचं घाटत आहे. हरिकेन पॉइंट ते गोराघाट पॉइंट असा ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला. काम रेंगाळलं, परवानग्या अडकल्या, तरी चिखलदऱ्याच्या विकासाची चर्चा निघाली की गाडी तिथेच येऊन थांबते. मला स्कायवॉकचा द्वेष नाही. बांधला तर मीही कदाचित एकदा चालून येईन. माझा आक्षेप वेगळा आहे: काचेवर चालायला शेकडो मीटरची सोय सुचते, पण जमिनीवर चालायला, पाटी लावलेली, सुरक्षित, तालुक्याच्या पोरांना परवडणारी दोन किलोमीटरची पायवाट सुचत नाही.

यावर उत्तर तयार असतं, "रोजगार मिळेल." मिळायलाच हवा. मेळघाटातली माणसं पोटासाठी दरवर्षी बाहेर पडतात, हे आम्ही खाली राहून पाहतो. पण काचेच्या पुलावर तिकीट फाडायला किती माणसं लागतात? आणि पायवाटेवर दर आठ-दहा जणांमागे एक वाटाड्या लागतो. तो वाटाड्या कोरकूच हवा, कारण कोणत्या झाडाखाली अस्वल मोहाची फुलं खायला येतं हे त्यालाच माहीत असतं. शिवाय ज्या मे महिन्यात आपण गर्दीने वर जातो, त्याच महिन्यात चिखलदरा तालुक्यातल्या कितीतरी गावांत बाया टँकरची वाट पाहत उभ्या असतात. दिवसाला हजारो माणसं वर नेणारा विकास त्यांचं पाणी कुठून आणणार आहे, हे आधी सांगा.

आणि शहरातले शहाणे

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. पुण्या-मुंबईहून येणारे, मोठ्या लेन्सवाले. त्यांचं म्हणणं असतं की ही लोकल पोरं धिंगाणा घालतात, यांना वर सोडूच नका. आमच्या स्पीकरबद्दल ते बोलले तर मान खाली घालतो. रातव्याबद्दल बोलले तर काहीच उत्तर नाही. पण एक विचारतो. तुम्हाला पाखरांची नावं कोणी शिकवली? शाळेच्या शिबिरात? एखाद्या क्लबच्या रविवारच्या फेरीत? मामाच्या दुर्बिणीतून? आमच्याकडे यातलं काही नव्हतं. जे कधी दाखवलंच नाही त्याची शिस्त आमच्या अंगात कुठून येणार?

घरातही हेच. या वर्षी मी पाखरांची वही केली तेव्हा आई म्हणाली, "गावात काय कमी पाखरं हायेत का रे बाप्पा? तुले काय भेटते ह्याच्यातून?" तिचा प्रश्न खोटा नाही. आमच्याकडे छंद म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्याचा टाइमपास. पोलीस भरतीसाठी धावणं चालतं, नुसतं चालणं चालत नाही. माझ्या बहिणीचं तर त्याहून अवघड. मी झाडाखाली तासभर बसलो तर वेडा ठरतो. ती बसली तर चार जण येऊन विचारतात, कोणाची वाट पाहतेस. शांत बसायची सुरक्षित जागा हा तिच्यासाठी शौक नाही. ती जागाच तिला कधी मिळालेली नाही.

'काहीच नाही' असलेल्या जंगलात

ज्या वाळलेल्या सागाच्या जंगलाला आम्ही 'काहीच नाही' म्हणालो, त्याची एक गोष्ट सांगतो.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये ह्यूमने त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, बाकी काही नाही. पक्षी नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या एका प्रसिद्ध इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला की त्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मारला. पुढे उघड झालं की त्याने दुसऱ्याने गोळा केलेला जुना नमुना चोरला होता आणि त्यावर स्वतःचं लेबल लावलं होतं. म्हणजे पाहिलं नसताना 'मी पाहिलं' म्हणून मिरवणं हा रोग इन्स्टाग्रामच्या आधीचा आहे. त्या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी नेलं. शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींमागे गेली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तिला व तिच्या साथीदारांना रानपिंगळा दिसला. कुठे? आपल्याच सातपुड्यात, नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ. पुढच्या काही वर्षांत तो मेळघाटातही सापडला.

हे घुबड दिवसा वावरतं. उघड्या, निष्पर्ण फांदीवर बसतं. त्याला सागाचं कोरडं, मोकळं जंगल लागतं. म्हणजे आम्ही मे महिन्यात गाडीच्या काचेतून ज्याला 'वाळेल' म्हणालो, तेच त्याचं घर. ११३ वर्षं जगाने जे पाखरू हरवलं होतं, त्याच्या अंगणातून आम्ही स्पीकर लावून गेलो आणि वाघ दिसला नाही म्हणून कुरकुरलो.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊमधला एक. वाघ हवाच. पण 'वाघ दिसला तर पैसे वसूल' या हिशेबाने बाकी सगळं जंगल पडदा होऊन जातं. मारुती चितमपल्लींनी याच मेळघाटात वनखात्याची नोकरी केली, पक्षिकोश लिहिला, मराठीला पाखरांची नावं दिली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी आमच्या सगळ्या ग्रुपवर त्यांचे स्टेटस होते. त्यातल्या किती जणांनी नंतर त्यांचं एक पुस्तक उघडलं? मी उघडलं नव्हतं. रातव्यानंतर उघडलं.

फोन फेकू नका

या वर्षी मेमध्ये आम्ही पुन्हा गेलो. सहापैकी तिघंच आले. पॉइंट एकही नाही. तिकीट काढून सकाळी गाविलगडावर गेलो आणि चार तास नुसते चाललो, बसलो. मर्लिन नावाचं एक फुकट ॲप आहे, ते आवाज ऐकून पाखराचं नाव सुचवतं. कधी चुकतं, म्हणून डोळ्यांनी खात्री करायची. तांबट, पावश्या, आणि एकदा नवरंगाची शिट्टी. नवरंग शेवटपर्यंत दिसला नाही. आमच्यातला एक जण चित्रं काढतो हे मला दहा वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा कळलं. त्याने दरवाज्यावरचे दगडात कोरलेले प्राणी वहीत उतरवले. तोवर तो आम्हाला लाजून सांगत नव्हता. एकूण खर्च पेट्रोल आणि जेवण. रील एक झाला, तोही शिट्टीचा, त्यात आम्ही दिसत नाही.

म्हणून मागण्या लिहितो, भावनेवर सोडत नाही.

एक, चिखलदऱ्याजवळ आणि पायथ्याला बहिरमच्या बाजूने, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याला धक्का न लावता, आखलेल्या पायवाटा. स्थानिक वाटाड्या सक्तीचा, त्याचा मेहनताना ठरलेला, आणि विद्यार्थ्यांना परवडेल असं शुल्क.

दोन, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवतं. रात्रभर गप्प बसायचं, जे येईल त्याची नोंद करायची. उत्तम उपक्रम आहे. त्यातल्या काही जागा अमरावती-अकोल्याच्या तालुक्यांतल्या कॉलेजांसाठी राखून ठेवा. मुलींसाठी वेगळ्या ठेवा.

तीन, घाटात रात्री वेगमर्यादा, आणि ती पाळली जाते का हे पाहणारं कोणीतरी.

चार, तालुक्याच्या वाचनालयात पाच दुर्बिणी. पुस्तकासारख्या कार्डावर घरी न्यायच्या. एखाद्या सत्काराच्या मंडपाहून हे स्वस्त पडेल.

यातलं काहीच मिळालं नाही तरी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. परत येताना या वेळी आम्ही तीसच्या वर गेलो नाही. मागून हॉर्न वाजत होते, लोक शिव्या देत ओव्हरटेक करत होते. धामणगाव गढीच्या अलीकडे पुन्हा लाल ठिपका दिसला. ब्रेक लावला, दिवे खाली केले. तो दोन-तीन क्षण तसाच बसून राहिला, मग आवाज न करता उडाला आणि झाडीत गेला.

मागच्या सीटवरून चित्रवाला म्हणाला, "थांब ना बे जरा. अजून येईन तो."

आम्ही गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.