व्रणाची नोंद मोजून व्हावी

‘जखम स्वच्छ करून टाके घातले.’ आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णपत्रिकेत सद्योव्रणाची एवढीच नोंद आढळते. अमेरिकेत एवढ्यावर शल्यचिकित्सकाचे देयक मंजूर होत नाही. तेथील अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘सीपीटी’ या संकेतावलीत व्रण शिवण्याचे तीन वर्ग आहेत. वरवरचा, एकाच स्तरात शिवलेला व्रण साधा. त्वचेखालील ऊती वा वरवरचा फॅशिया वेगळ्या स्तरात शिवावा लागला तर मध्यम. अस्थी वा कंडरा उघडी पडणे, व्रणकडा छेदून काढाव्या लागणे यांसारखी अधिक कर्मे असतील तर जटिल. एकाच स्तरात शिवलेला, परंतु अत्यंत मलिन असल्याने विशेष शोधन करावे लागलेला व्रणही मध्यम वर्गात जातो.

त्यानंतर लांबी येते. एकाच वर्गातील आणि एकाच शरीरविभाग-गटातील व्रणांची लांबी एकत्र धरावयाची, हा नियम. प्रकोष्ठावरील ३ सेंमी व पायावरील ४ सेंमी असे दोन साधे व्रण मिळून ७ सेंमीचा एकच संकेतांक लागतो. मुखावरील व्रण मात्र वेगळा मोजला जातो. नुसती चिकटपट्टी लावली तर ते संधानकर्म मानले जात नाही.

यात आपल्याला अपरिचित असे काय आहे? सुश्रुताचार्यांनी त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ व मर्म अशी आठ व्रणवस्तू सांगितली. सद्योव्रणाचे सहा प्रकार, सीवनाचे चार प्रकार आणि व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले. शल्य वा धूळ आत असता व्रण शिवू नये, आधी शोधन करावे, हा दंडकही त्यांचाच. खोलीचा व शुद्धीचा विचार आपल्याकडे पूर्वापार आहे. उणीव आहे ती तो विचार प्रत्येक रुग्णाच्या कागदावर उतरविण्याची.

‘चिकित्सा रुग्णाची करावयाची की देयकाची?’ असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतील. तो रास्त आहे. दर वाढावा म्हणून अनावश्यक स्तर शिवण्याचा मोह अशा पद्धतीत संभवतो. परंतु त्यावरील उपायही नोंदच आहे. वर्ग व्रणाने ठरावा, मिळकतीने नव्हे. आणि तो का ठरला हे तिऱ्हाइताला वाचून कळावे.

हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टलने आपल्या व्याधिनामांना संकेतांक दिले. २०२५ च्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा स्वतंत्र विभाग आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिकित्साकर्मांच्या वर्गीकरणासाठी आयुष मंत्रालयाचा त्या संघटनेशी करार झाला. कर्माचे नाव संहितेतून मिळेल. प्रमाण मात्र आपल्या नोंदींतूनच द्यावे लागेल.

म्हणून प्रत्येक व्रणाची सहा अंगे लिहावीत: स्थान, सेंमीमध्ये लांबी, बाधित व्रणवस्तू, मलिनता व शोधन, सीवनाचा प्रकार व स्तर, वापरलेली द्रव्ये. औषधालयांनीही जात्यादि तैलापासून पट्टबंधनाच्या साहित्यापर्यंत दिलेले परिमाण व दिनांक पावतीवर लिहावा, म्हणजे रुग्णपत्रिकेशी मेळ बसेल. यासाठी आपल्या संघटनेने एकसमान नमुना तयार करावा, ही विनंती. उद्या दावा नाकारला गेला तर ग्रंथातील वचन नव्हे, ही नोंदच आपल्या रुग्णाच्या बाजूने उभी राहील.