वड्याचं तेल वांग्यावर

‘वड्याचं तेल वांग्यावर काढणे’ हा वाक्प्रचार तुम्ही पाठ केला असेल, वाक्यात उपयोगही केला असेल. पण एकाचा राग दुसऱ्यावर का निघतो, याचा शोध घेण्यात मोठमोठ्या डॉक्टरांची आयुष्यं गेली, हे ठाऊक आहे का?

व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांनी सांगितलं, की आपल्या मनाचा बराच भाग आपल्यालाच दिसत नाही. विहिरीसारखं समजा. वरचं पाणी दिसतं, तळ दिसत नाही. त्यांची मुलगी ॲना हिनं १९३६ साली मन स्वतःला कसं वाचवतं यावर पुस्तकच लिहिलं. ज्याचा राग आला त्याची भीती वाटत असेल, तर राग गुपचूप दुसरीकडे वळतो, बहुधा लहानाकडे. आता हे कळायला व्हिएन्नाला कशाला जायला हवं! मोठ्या दादाला बोलणी बसली, की धाकट्याच्या पाठीत धपाटा पडतोच.

विल्फ्रेड बायन नावाचे एक डॉक्टर होते. जन्म आपल्या मथुरेचा, १८९७ सालचा. आठव्या वर्षी त्यांना शिकायला इंग्लंडला धाडलं. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यावर लढले. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनानं खचलेले सैनिक होते. बायन यांनी त्यांना एकेकटं न तपासता गटानं एकत्र आणलं. प्रयोग जेमतेम सहा आठवडे टिकला, पण पुढे डॉ. फौक्स यांनी तिथेच ही पद्धत वाढवली.

अशा गटात सात-आठ माणसं गोल बसतात. दर आठवड्याला, ठरल्या वेळी. डॉक्टर फार बोलत नाहीत. समजा, एक जण पाच मिनिटं उशिरा आला आणि दुसरा त्याच्यावर भयंकर भडकला. बाकीचे विचारतात, ‘एवढ्याशा उशिराला एवढा संताप?’ बोलता बोलता सापडतं, की लहानपणी त्याचे वडील सांगितलेल्या वेळी कधीच यायचे नाहीत. राग खरा होता, पाकिटावरचा पत्ता चुकला होता! आणि रागावूनही कुणी उठून गेलं नाही, हेही त्याला तिथंच दिसतं. मला तर यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्ण गटात बसून बोलतात. पद्धत निराळी, पण गोल तोच.

पालकहो, हे उपचार शिकलेल्या माणसाचं काम आहे. मूल सतत संतापत असेल, स्वतःला किंवा इतरांना मारत असेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. मी साधी शिक्षिका. वर्गात भांडण झालं की फक्त गोल बसवते. नियम दोनच : मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. ‘मला राग आला’ मात्र खुशाल म्हणायचं.

परवा पाचवीत ओरडा झाला, “मॅडम, यानं माहा पेन तोडला!”

“काऊन तोडला रे?”

“थो माह्याकडे पाहून हासला.”

पाच-सहा जण गोल बसले. आधी सगळे गप्प. मग तोडणारा हळूच म्हणाला, “काल बाबाचा कापूस कमी भावात गेला. घरी आल्यावर मलेच बोलले.” शेजारची मुलगी म्हणाली, “आमच्या घरीबी तसंच होते.” त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढ्यात पेनवाला उसळला, “पण माहा पेन गेला ना!”

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. राग कुठून आला हे कळलं म्हणून पेन थोडाच जुळतो? शेवटी ठरलं, की तोडणाऱ्यानं आपला पेन द्यायचा आणि आठवडाभर पेन्सिलीनं लिहायचं. हे ठरवलं गटानं. मी नुसती बसले होते.