रेषेवरचा प्रत्येक बिंदू

दहावीच्या वर्गातला आलेखाचा तास बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वाटेने जातो. समीकरण, त्याखाली तक्ता, आलेख कागदावर बिंदू, पट्टी लावून रेषा, कोपऱ्यात ‘१ सेमी = १ एकक’ असे प्रमाण आणि शेवटी छेदनबिंदू. विद्यार्थ्याला गुण मिळतात. पण तक्त्यात नसलेल्या, रेषेवरच्या भलत्याच बिंदूवर बोट ठेवून ‘याचा समीकरणाशी काय संबंध?’ असे विचारले, की तोच विद्यार्थी अडखळतो. त्याच्या लेखी रेषा ही तक्त्यातले बिंदू जोडणारी रेघ असते.

या घटकासाठी मिळणाऱ्या तासांतला मोठा वाटा इथे खर्च व्हायला हवा. समीकरणाची प्रत्येक उकल रेषेवर असते आणि रेषेवरचा प्रत्येक बिंदू ही उकलच असते. दोन्ही बाजू समजल्या तरच आलेख समजला. रने देकार्तने १६३७ साली ‘ला जेओमेत्री’ प्रसिद्ध केली, तेव्हा आपण फळ्यावर काढतो तशी काटकोनातल्या अक्षांची ठरीव जोडी त्यात नव्हती. समीकरण आणि वक्र यांचे नाते मात्र होते. आपल्याकडे नेमके उलटे होते: अक्ष नीट काढले जातात आणि नाते राहून जाते.

२क्ष + य = ६ हे समीकरण घ्या. (०, ६), (१, ४), (३, ०) यांवरून रेषा काढून झाली, की वही बंद करू देऊ नका. (२.५, १) हा बिंदू रेषेवर आहे का, ते आधी डोळ्यांनी आणि मग किंमत घालून तपासू द्या. ५ + १ = ६, म्हणजे आहे. (२, ३) घेतला तर ७ येतात आणि (-१, ७) घेतला तर ५. रेषेच्या एका बाजूला सगळीकडे सहापेक्षा जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, हे मुलांनी स्वतः हुडकले, तर पुढे असमानतांचा आलेख वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसऱ्या बिंदूचा आग्रहही का धरायचा, ते सांगायला हवे. क्ष - य = ३ मध्ये क्ष = ० ठेवून घाईत य = ३ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. (०, ३) आणि (३, ०) यांतून जाणारी त्यांची रेषा दिसायला अगदी व्यवस्थित असते. (५, २) मांडला, की तो रेषेबाहेर पडतो आणि चिन्हाची चूक मुलाला आपोआप दिसते.

एक आलेख मात्र पुस्तकाबाहेरचा करून घ्यावा: सेल्सिअस आणि फॅरनहाइट. ०ला ३२, १००ला २१२. इथे १ सेमी = १ एकक चालत नाही; प्रमाण मुलांनाच ठरवावे लागते आणि दोन्ही अक्षांवर ते वेगळे असू शकते, हेही कळते. रेषेवर ३७ शोधले, की घरोघरी माहीत असलेले ९८.६ सापडते. आलेख कागदावर ते ‘९८-९९च्या आसपास’ असे दिसेल. नेमका आकडा समीकरण देईल. आलेख अंदाज देतो, बीजगणित नेमकेपणा देते, आणि एकाने दुसऱ्याची पडताळणी करायची असते. रेषा डावीकडे वाढवली, तर -४० अंशांवर दोन्ही मापे एक होतात. हा शोध मुलांना लागू द्या, आधी सांगून टाकू नका.

यासाठी अभ्यासक्रम किंवा प्रश्नपत्रिका बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक आलेखाखाली तीन प्रश्न लिहून घ्या: तक्त्यात नसलेली एक उकल रेषेवरून वाचा, रेषेबाहेरचा एक बिंदू घेऊन तो उकल नाही हे दाखवा, छेदनबिंदू दोन्ही समीकरणांत घालून तपासा. पाच-दहा मिनिटे जास्त लागतील. तेवढी द्यावीत, अशी आमची सर्व गणितशिक्षकांना आग्रहाची विनंती आहे.