कर्नलसाहेब नकोत, मतपेटी हवी!

गणपती-दिवाळीच्या जेवणाला कुणी नुकतेच पुण्याहून आलेले असले, की खड्डे, कचरा आणि पाणी यांची कहाणी रंगते. शेवटी एक वाक्य हमखास येते, "महापालिका एखाद्या निवृत्त कर्नलच्या हाती द्या, सहा महिन्यांत सगळे सुतासारखे सरळ होतील!" सगळे माना डोलावतात. मला हे अजिबात मान्य नाही.

हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा एल्फिन्स्टनने पुण्यात कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर, खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज आणि साताऱ्याला कॅप्टन ग्रँट असे लष्करी अधिकारी नेमले. माणसे कर्तबगार होती, पण त्यांना जाब विचारणारा त्यांचा वरचा साहेब, रयत नव्हे! वरून आलेल्या साहेबाने गाव चालवायचे, ही सवय आपल्या अंगी मुरली. आजही महापालिकेचा खरा कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतो. महापौरांना मान मोठा, अधिकार थोडे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते. नगरसेवकांची कटकट नाही, सभागृह नाही. म्हणजे हवे ते मिळाले होते की! मग तक्रारी संपल्या का?

लष्करातल्या माणसाने शहराच्या कामात पडू नये, असे माझे म्हणणे नाही. पुण्यातच निवृत्त मेजर जनरल एस. सी. एन. जटार यांनी नागरिक चेतना मंचातर्फे महापालिकेला वर्षानुवर्षे प्रश्न विचारले. हुकूम सोडले नाहीत, हिशेब मागितला. मार्ग हाच.

आणि गणवेश म्हणजे अचूकपणा, हा भ्रम आपल्या एनस्खेडेत तरी नसावा. १३ मे २००० रोजी इथले फटाक्यांचे गोदाम उडाले, २३ माणसे गेली, रोम्बेक वस्ती उद्ध्वस्त झाली. त्या गोदामाच्या परवान्यासाठी नगरपालिकेला तांत्रिक सल्ला देत होते ते संरक्षण मंत्रालयाचेच कार्यालय! नंतर ओस्टिंग आयोगाने मंत्रालय आणि नगरपालिका दोघांचेही दोष उघड मांडले. रोम्बेक पुन्हा उभारताना रहिवाशांना विचारून आराखडा झाला. आज ती वस्ती पाहायला बाहेरून लोक येतात.

आता आपल्याविषयी. इथे पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाले, की भारतीय पासपोर्ट असूनही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. दर चार वर्षांनी मतदानाचे पत्र घरी येते. किती जणांनी ते वापरले? हाती असलेले मत रद्दीत टाकायचे आणि पुण्यासाठी कर्नल शोधायचा, हे शोभत नाही. पुढचे पत्र येईल तेव्हा मुलांना बरोबर घेऊन मतदान केंद्रावर जा. मग खड्ड्यांवर बोलू!