हिरव्या पोपटाच्या बाजूने

खुनी कोण हे शेवटच्या पानावर कळलं की ती कलाटणी. त्याच पानावर एखादा खडूस म्हातारा कुणाच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, की तो मात्र वाचकाला रडवण्याचा धंदा! चोखंदळ म्हणवणाऱ्या वाचकांचा हा पंक्तिप्रपंच मला मान्य नाही. नाट्याच्या शेवटी अद्भुत रस असावा, असं भरतमुनी सांगून गेले. अद्भुत म्हणजे दरवेळी भूतच अवतरलं पाहिजे असं थोडंच आहे?

मायेच्या अशा कलाटणीवर आक्षेप दोन आहेत. माणसं अशी एकाएकी बदलत नाहीत, हा पहिला. मायेचा शिडकावा केला की लेखक सुटतो आणि गुंता तसाच राहतो, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाला तेंडुलकरांचा सामंत पुरेसा आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये हा साधाभोळा माणूस नाटकमंडळींना सभागृह उघडून द्यायला येतो. हातात पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट. पुढे खेळातल्या खटल्यात तोही साक्षीदार होतो आणि हातातल्या कादंबरीतलं वाचून ठोकून देतो. ती भाकड साक्षही त्या खटल्यातल्या आरोपी बेणारेबाईंच्या गळ्याभोवतीचा फास आवळायला कामी येते. शेवटी सगळे आपापल्या तयारीला लागतात, बाई निपचित पडलेली असते, आणि सामंत गुपचूप तो पोपट तिच्याजवळ ठेवतो. तो बदलला का? मुळीच नाही. पहिल्या प्रवेशात होता तसाच आहे, भिडस्त. आपलंच लक्ष उलटतपासणीकडे होतं. पोपट पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता. चांगल्या कलाटणीत पात्र बदलत नाही, वाचकाची नजर बदलते. रहस्यकथेला आपण नेमकी याच गुणासाठी दाद देतो.

दुसरा आक्षेप मालिकांच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे, तिथे मी वाद घालणार नाही. शेकडो भाग छळणारी सासू शेवटच्या भागात सुनेला पोटाशी धरते आणि सगळी पापं धुऊन निघतात. ही माया नव्हे, कर्जमाफी! पण दोष अचानकपणाचा नाही, मायेकडून कर्ज माफ करून घेण्याचा आहे.

याउलट टागोरांचा 'काबुलीवाला' (१८९२) पाहा. तुरुंगातून सुटलेला रहमत त्याच्या जुन्या छोट्या मैत्रिणीच्या, मिनीच्या घरी येतो तो नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी. तिच्या लेखक बापाला तो नकोसा झालेला. मग तो छातीशी जपलेला मळका कागद उलगडतो. त्यावर काजळीत उमटवलेला त्याच्या मुलीचा चिमुकला पंजा. त्या क्षणी सुकामेवा विकणारा पठाण आणि भद्रलोकातला लेखक दोघे नुसते बाप उरतात. म्हणून प्रश्न सुटतो का? लग्नाच्या साजातली मिनी पाहून रहमतला उमगतं की आपलीही मुलगी अशीच वाढली असेल, तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. मिनीच्या बापाने दिलेल्या नोटेने वाटखर्च भागेल, गेलेली वर्षं नाही. उलट त्या नोटेपायी लग्नातली विजेची रोषणाई आणि बँड रद्द होतो आणि घरातल्या बायका हिरमुसतात.

मला कसोटी इथे सापडते. खऱ्या मायेच्या कलाटणीत कुणाच्या तरी खिशातून काहीतरी जातं. मालिकेतल्या सासूचं काय गेलं? दोन थेंब ग्लिसरीन. मिनीच्या मांडवातली रोषणाई गेली. आणि सामंतने तो पोपट आणला होता पुतण्यासाठी. त्या रात्री तो रिकाम्या हातांनी घरी गेला असणार, आणि पोराने पहिल्यांदा हातांकडेच पाहिलं असणार.